दोषवार्ता आणि मध्यस्थ

संस्कृत व्याकरणाचा ज्यांनीं थोडाबहुत अभ्यास केला आहे त्यांस ‘उत्सर्ग’ आणि ‘अपवाद’ हे दोन शब्द चांगले परिचित असतील. सामान्य नियम तो उत्सर्ग, आणि त्याचें क्षेत्र ज्या विशेष नियमानें कमी होतें तो अपवाद. ‘दधि’ या शब्दापुढें ‘अत्र’ आला तर इकाराचा यकार होऊन ‘दध्यत्र’ असें रूप सिद्ध होतें. पण त्याच ‘दधि’पुढें ‘इदम्’ आला तर यकार न होतां दोन इकारांचा मिळून एक दीर्घ ईकार होतो व ‘दधीदम्’ असें रूप बनतें. जेथें दोन्ही नियमांची प्राप्ति असेल तेथें अपवाद बलवत्तर, ही वैयाकरणांची व्यवस्था आहे. या व्यवस्थेंत एक मोठी सोय आहे. अपवाद कोठें येणार हें सूत्रकारास आधींच ठाऊक असतें, आणि तो आल्यावर काय करावयाचें तेंही सूत्रांतच सांगितलेलें असतें.

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांनींही ‘एक्सेप्शन’, म्हणजे अपवाद, हाच शब्द आपल्या शास्त्रांत घेतला आहे. परंतु त्यांच्या अपवादाची जात निराळी. चालू असलेलें काम मध्येंच अडतें आणि नेहमींच्या वाटेनें पुढें जातां येत नाहीं, त्या प्रसंगाचें हें नांव. तो केव्हां तरी येणार हें ठाऊक असतें, नेमका केव्हां येणार हें ठाऊक नसतें. आणि सर्वांत अडचणीची गोष्ट ही कीं, तो ज्याच्या दृष्टीस पडतो त्याच्या हातीं त्याचा उपाय बहुधा नसतो. भागाकार करणाऱ्या आज्ञेस छेद शून्य असल्याचें कळतें. पण तें शून्य कोठून आलें, व त्याच्याऐवजीं काय धरावें, हें तिला काय ठाऊक? तें तिला काम सांगणाऱ्या वरच्या कोणास तरी ठाऊक. म्हणजे दोष कळण्याची जागा एक आणि तो निस्तरण्याची जागा दुसरी. या दोन जागांमधील वाट दोषाच्या वार्तेनें कशी चालावी, आणि वाटेंत जे मध्यस्थ बसलेले असतात त्यांनीं तिचें काय करावें, या एका प्रश्नाचा गेल्या पाऊणशें वर्षांचा इतिहास आम्ही प्रस्तुत लेखांत थोडक्यांत सांगणार आहों. विषय वरकरणी कारागिरांचा वाटेल. परंतु त्यांत सामान्य माणसाचा पैसा, अब्रू, आणि प्रसंगीं स्वातंत्र्यही गुंतलेलें आहे, हें लेख संपण्यापूर्वीं वाचकांच्या ध्यानांत येईल अशी आम्हांस आशा आहे.

१९४९ सालच्या मे महिन्यांत केंब्रिज येथें ‘एडसॅक’ नांवाचें यंत्र चालूं लागलें. त्याचे कर्ते मॉरिस विल्क्स यांनीं पुढें आपल्या आठवणींत लिहिलें आहे कीं, त्याच वर्षीं जून महिन्यांत एकदां जिन्याच्या वळणावर असतां त्यांच्या मनांत एकाएकीं उजेड पडला: आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच मोठा भाग आपल्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यांत जाणार! यंत्र सुरू होऊन अवघे कांहीं आठवडे झाले होते. नवें शास्त्र जन्मास आलें तेंच आपल्या दोषाची जाणीव बरोबर घेऊन आलें, असें म्हटलें तरी चालेल. दोन वर्षांनीं, १९५१ सालीं, अमेरिकेंत ‘युनिव्हॅक’ यंत्र आलें. त्यांत बेरजेचें उत्तर ठरलेल्या घरांत मावेनासें झालें तर यंत्र चालू काम क्षणभर बाजूस ठेवी, आणि शून्य क्रमांकाच्या स्थानीं लिहून ठेवलेल्या दोन आज्ञा पाळी. अपवादासाठीं राखून ठेवलेली ही एक स्वतंत्र जागा होय. पुढील सर्व इमारतीचा पाया येथें दिसतो.

आज्ञावल्या मोठ्या होऊं लागल्या तसें एका आज्ञावलीनें दुसरीस आणि दुसरीनें तिसरीस काम सांगण्याची चाल पडली. खालचीस अडचण आली तर तिनें उत्तराच्या जागीं एखादा ठरीव आंकडा, बहुधा उणें एक, परत पाठवावा. वरचीनें तो पाहून काय तें समजावें. पद्धत साधी आणि स्वस्त आहे, म्हणून ती आजही पुष्कळ ठिकाणीं टिकून आहे. परंतु तिच्यांत एक मोठें वैगुण्य आहे. वरचीनें आंकडा पाहिलाच नाहीं तर कोणी विचारणारें नाहीं. उणें एक हाही एक आंकडाच. तो सुखानें पुढच्या बेरजेंत मिसळून जातो, आणि दोषवार्तेचें रूपांतर खोट्या माहितींत होतें. वाचकांनीं एवढी एक गोष्ट लक्षांत ठेवावी; ती पुढें वेगळ्या वेषांत दोनदां भेटणार आहे.

१९६४ च्या सुमारास आय.बी.एम. कंपनी व तिच्या ग्राहकांचा ‘शेअर’ नांवाचा संघ यांच्या सहकार्यानें ‘पीएल-वन’ ही भाषा जन्मास आली. तिच्यांत ‘अमुक प्रसंग उद्भवल्यास तमुक करावें’ असें एकदां सांगून ठेवण्याची सोय होती. प्रत्येक पावलास उत्तर तपासण्याची गरज राहिली नाहीं. परंतु ही सूचना काम चालू असतां केव्हांही बदलतां येई, त्यामुळें अमुक ओळीपाशीं कोणती सूचना लागू आहे हें कागद वाचून सांगणें अवघड होऊन बसे. या गोंधळास शास्त्राचें रूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न जॉन गुडइनफ यांच्या १९७५ सालच्या निबंधांत आढळतो. अपवाद म्हणजे केवळ चूक नव्हे. काम करणाऱ्यानें काम सांगणाऱ्याच्या नजरेस मुद्दाम आणून द्यावयाची ती बाब आहे, ही त्यांच्या विवेचनाची दिशा. कांहीं अपवादांनंतर काम थांबलेंच पाहिजे, कांहींनंतर तें पुढें चाललेंच पाहिजे, आणि कांहींच्या बाबतींत निवड काम सांगणाऱ्याची, असे तीन प्रकारही त्यांनीं पाडले. या विवेचनाचें मर्म असें कीं, दोष हा दोन पक्षांमधील व्यवहार आहे. त्यांत कळविणारा आहे तसा ऐकणाराही आहे.

पुढें मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेंत बार्बरा लिस्कॉव्ह व त्यांचे सहकारी यांनीं ‘क्लू’ भाषा रचली, आणि तिच्यांतील अपवादव्यवस्थेवर लिस्कॉव्ह व ॲलन स्नायडर यांचा निबंध १९७९ सालीं प्रसिद्ध झाला. आपण कोणते अपवाद वर पाठवूं हें प्रत्येक आज्ञावलीनें आपल्या मथळ्यांतच जाहीर करावें, असा तेथें दंडक आहे. वर आलेला अपवाद निकटच्या काम सांगणारानेंच हाताळावा. त्यानें दुर्लक्ष केलें तर तो गडप होत नाहीं, तर ‘फेल्युअर’, म्हणजे सर्वसामान्य अपयश, असें रूप घेऊन आणखी वर जातो. मौन हें संमतीचें लक्षण, हा लौकिक न्याय येथें मुळींच चालत नाहीं. सर्वांसच ही वाट पसंत होती असें मात्र नव्हे. १९८० सालच्या आपल्या ट्यूरिंग व्याख्यानांत सी. ए. आर. होर यांनीं त्या वेळीं घडत असलेल्या ‘एडा’ भाषेवर टीका करतांना तिच्यांतील अपवादव्यवस्थेलाही धोक्याच्या यादींत घातलें. सोय जितकी अधिक तितका गुंताही अधिक, हें त्यांचें भय. तें सर्वस्वी अनाठायीं नव्हतें, याची साक्ष पुढें एका अग्निबाणानें दिली.

आतां मध्यस्थांकडे वळूं. ‘मिडलवेअर’ हा शब्द १९६८ सालच्या ऑक्टोबरांत जर्मनींतील गार्मिश येथें भरलेल्या परिषदेच्या वृत्तांतांत आढळतो. तेथें ॲलेक्झांडर द’आगापेयेफ यांनीं उलट्या मनोऱ्याचें एक चित्र मांडलें होतें: टोंकावर यंत्राच्या अगदीं निकटच्या आज्ञावल्या, वर लोकांच्या उपयोगाच्या आज्ञावल्या, आणि दोहोंच्या मध्यें दोहोंचा मेळ घालणारा हा थर. मध्यस्थावर किती विसंबावें याचा विचार पुढें सॉल्ट्झर, रीड व क्लार्क या तिघांनीं केला. त्यांचा निबंध प्रथम १९८१ सालीं व नंतर १९८४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांनीं आपल्याच संस्थेंतील एक प्रसंग सांगितला आहे. तेथें अनेक जाळीं दुवायंत्रांनीं जोडलेलीं होतीं, आणि एका यंत्रापासून दुसऱ्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर मजकूर बिनचूक पोंचल्याची तपासणी होत असे. त्यावर विसंबून लोक निश्चिंत होते. पण एका दुवायंत्राच्या पोटांतच दोष उत्पन्न झाला. आंत आलेला मजकूर बाहेर जाणाऱ्या कप्प्यांत उतरवितांना दर दहा लाख अक्षरांमागें सुमारें एकदां अक्षरांची एक जोडी उलटसुलट होई. टप्प्यांवरील तपासणी बिनचूक. टप्प्यांच्या मधल्या पोटांत मात्र कोणी पाहत नव्हतें. एका मोठ्या आज्ञासंचाचे कागद वारंवार त्या वाटेनें गेले आणि बिघडले. शेवटीं मालकांस जुन्या छापील प्रतींशीं ताडून ते हातानें दुरुस्त करावे लागले. तात्पर्य, काम पुरें झालें कीं नाहीं याची शेवटची खातरी दोन टोंकांवरच होऊं शकते. मध्यस्थ साह्य करील, जामीन राहूं शकणार नाहीं.

यानंतर दहा वर्षांच्या आंतच जिनीव्हाजवळील ‘सर्न’ संस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं आज सर्वांच्या हातीं असलेलें विश्वजाल विणलें. १९९१ सालचे त्याचे पहिले नियम अत्यंत साधे होते. ब्राउझरनें एका ओळींत विनंती करावी, सर्व्हरनें पान पाठवून जोडणी बंद करावी, संपलें. दोष आला तर तोही माणसानें वाचावयाच्या पानाच्याच रूपांत येई. हें पान खरें उत्तर आहे कीं दोषाची वार्ता आहे, हें मजकूर वाचल्याखेरीज कळण्यास मार्ग नव्हता. वाचणारा माणूस होता तोंवर हें खपून गेलें. परंतु वाचणारें दुसरें यंत्रच असेल तर तें दोषवार्तेलाच उत्तर समजून पुढें जाणार. उणें एकाची कथा ती हीच.

ही उणीव १९९६ सालच्या मे महिन्यांत प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या १.० या नियमपत्रांत भरून निघालेली दिसते. प्रत्येक उत्तराच्या अग्रभागीं तीन अंकी स्थितिक्रमांक असावा. त्याचा पहिला अंक दोनाचा असेल तर काम झालें, चाराचा असेल तर विनंती करणाराकडे दोष, पांचाचा असेल तर सर्व्हरकडे दोष. पहिल्या अंकानें जाति सांगण्याची ही रीत फायलींच्या आणि टपालाच्या देवघेवीच्या जुन्या नियमांत पूर्वींच रूढ होती. ४०४ हा क्रमांक तर आज पोरांच्याही तोंडीं आहे. आमच्या मतें या योजनेचें खरें मोल चार आणि पांच यांमधील भेदांत आहे. त्या भेदानें प्रथमच असा प्रश्न नियमांत आणला कीं, दोष कोणाचा? या प्रश्नाचें खोटें उत्तर देणें आतां शक्य झालें, कारण खरें उत्तर देणेंही शक्य झालें होतें.

योगायोग असा कीं, हें नियमपत्र निघाल्यास पुरता महिना झाला असेल नसेल तोंच, ४ जून १९९६ रोजीं, दक्षिण अमेरिकेंतील कुरू येथून उडालेला ‘एरियान-५’ हा यूरोपीय अग्निबाण उड्डाणास चाळीस सेकंद होतात न होतात तों वाट सोडून फुटला. चौकशी समितीचे अध्यक्ष जाक-लुई लिओं यांचा अहवाल त्याच वर्षीं १९ जुलैस सादर झाला. त्यांतील हकीकत आमच्या विषयास इतकी लागू आहे कीं, ती दिल्यावांचून गत्यंतर नाहीं. बाणाची दिशा व गति मोजणाऱ्या यंत्रांतील आज्ञावली ‘एरियान-४’वरून जशीच्या तशी घेतली होती. तिच्यांतील एक काम उड्डाणानंतर निरुपयोगी असूनही चालूंच राहत असे. नव्या बाणाचा आडवा वेग जुन्यापेक्षां पुष्कळ अधिक. त्यामुळें चौसष्ट बिटांची एक संख्या सोळा बिटांच्या घरांत मावेना आणि अपवाद उठला. अशा सात संख्यांचा धोका आधींच ओळखला गेला होता. पण यंत्रावरील कामाचा भार मर्यादेंत राहावा म्हणून चारांनाच संरक्षण दिलें होतें, आणि ही संख्या उरलेल्या तिघांपैकीं निघाली. अपवाद उठल्यास यंत्रानें दोषाची खबर देऊन बंद पडावें, असा नियम होता. राखीव यंत्रही त्याच आज्ञावलीवर चालणारें. तें मुख्याच्या क्षणभर आधींच त्याच कारणानें बंद पडलें होतें. यावर कळस असा कीं, मुख्य यंत्रानें बंद पडतांना पाठविलेली दोषाची खूण सुकाणू चालविणाऱ्या संगणकानें उड्डाणाची माहिती म्हणून वाचली, आणि जी चूक बाणाच्या दिशेंत झालीच नव्हती ती सुधारण्यासाठीं त्यानें बाणास जोरानें वळविलें. दोष निघाला, दोष कळलाही, वार्ताही पाठविली गेली. परंतु ऐकणाऱ्यानें वार्तेस माहिती मानलें. केवळ अपवाद उठवून भागत नाहीं; ऐकणाऱ्याच्या टोंकास तो अपवाद म्हणूनच ओळखला गेला पाहिजे.

आतां विश्वजालावरील आज्ञावल्यांचा अंतर्भाग पाहूं. १९९३ मध्यें सर्व्हरनें प्रत्येक विनंतीसाठीं एक स्वतंत्र आज्ञावली चालवून तिचें उत्तर ग्राहकास द्यावें, अशी ‘सीजीआय’ पद्धति निघाली. आज्ञावली मध्येंच कोसळली तर सर्व्हर ‘५००, अंतर्गत दोष’ एवढेंच सांगे व तपशील आपल्या नोंदवहींत टांकी. पुढें कामें वाढलीं आणि विनंती व उत्तर यांच्या वाटेवर मध्यस्थांची ओळ बसूं लागली. आमच्या वाचकांस मामलेदार कचेरींतील अर्जाचा प्रवास ठाऊक आहे. अर्ज प्रथम बारनिशीवर नोंदला जातो, मग कोणी सही-शिक्का पाहतो, कोणी जुने कागद जोडतो, आणि शेवटीं तो साहेबांच्या टेबलावर पोंचतो. निकाल झाल्यावर त्याच टेबलांवरून उलट क्रमानें बाहेर येतो. मिडलवेअर म्हणजे हींच टेबलें. एक नोंद ठेवतें, दुसरें ग्राहकाची ओळख पटवितें, तिसरें हिशेबाच्या वहीचा व्यवहार उघडतें व बंद करतें, चौथें उत्तर दाबून लहान करतें. अपवाद उठला म्हणजे तोही याच वाटेनें आंतून बाहेर येतो; आणि प्रत्येक टेबलास तीन गोष्टी करतां येतात: तो तसाच पुढें देणें, त्याचें भाषांतर करणें, किंवा तो गिळून टाकणें.

पायथन भाषेच्या मंडळींनीं या ओळीसाठीं १९७० नंतरच्या सर्व चर्चेचें सार म्हणावा असा एक नियम केला. फिलिप एबी यांनीं २००३ सालच्या डिसेंबरांत मांडलेल्या ‘डब्ल्यूएसजीआय’ या मसुद्यांत उत्तराचा आरंभ करणाऱ्या क्रियेस अपवादाचा तपशील देण्याची एक खास जागा आहे. उत्तराचा मथळा अद्याप ग्राहकाकडे गेला नसेल तर पूर्वींचा ‘काम झालें’ हा मथळा रद्द करून त्याच्या जागीं दोषाचा मथळा घालावा. पण तो गेला असेल, तर तोच अपवाद पुन्हां उठवून काम थांबवावें. अर्ध्या पानानंतर नवें पान चिकटविण्याचा प्रयत्न करूं नये. यामागील कारण विचार करण्याजोगें आहे. ‘२००, काम झालें’ हा शब्द एकदां बाहेर पडला कीं परत घेतां येत नाहीं. त्यानंतर दोष आला तर प्रामाणिक मार्ग एकच: बोलणें मध्येंच तोडणें, म्हणजे ऐकणारास निदान इतकें कळावें कीं उत्तर पुरें नाहीं. अपुरें वाक्य हें खोट्या वाक्यापेक्षां बरें.

जावास्क्रिप्टच्या जगांत ‘एक्स्प्रेस’ या संचानें २०१० पासून निराळी वाट धरली. तेथें साधा मध्यस्थ तीन वस्तू हातांत घेतो: विनंती, उत्तर, आणि ‘पुढचा’. जो चार वस्तू घेतो, म्हणजे आरंभीं ‘दोष’ ही चौथी मागतो, तो दोषांचा मध्यस्थ समजला जातो. योजना चतुर आहे. पण त्या भाषेंत पुष्कळ कामें ताबडतोब न होतां ‘मागाहून करतों’ अशा वचनावर टांकलीं जातात. वचन मागाहून मोडलें तर तें देणारा मध्यस्थ केव्हांच पुढें गेलेला असे. मोडलेल्या वचनाची वार्ता दोषांच्या मध्यस्थापर्यंत आपोआप पोंचत नसे, आणि ग्राहक उत्तराची वाट पाहत ताटकळत बसे. ही उणीव त्या संचाच्या २०२४ सालीं निघालेल्या पांचव्या आवृत्तींत दूर झाली. त्याच्या खालच्या ‘नोड’ यंत्रणेनें तर २०२० सालच्या पंधराव्या आवृत्तीपासून असा कडक नियम केला कीं, मोडलेल्या वचनाची कोणीच दखल घेतली नाहीं तर सारी आज्ञावलीच बंद पडावी. क्लू भाषेचा १९७९ सालचा दंडक चाळीस वर्षांनीं दुसऱ्या दारानें परत आला.

सक्तीनें प्रामाणिकपणा येतो काय, हाही प्रश्न या इतिहासांत एकदां कसास लागला आहे. १९९५ सालीं पुढें आलेल्या ‘जावा’ भाषेनें कांहीं जातींचे अपवाद एकतर हाताळलेच पाहिजेत नाहीं तर जाहीर केलेच पाहिजेत, असा कायदा केला. परिणाम मिश्र झाला. कित्येकांनीं तो मनापासून पाळला. कित्येकांनीं भाषेची तक्रार बंद करण्यापुरता अपवाद पकडला आणि आंत कांहींच लिहिलें नाहीं. रिकाम्या पिंजऱ्यांत पकडलेला हा अपवाद मोकळ्या अपवादापेक्षां वाईट, कारण मोकळा निदान आरडाओरड तरी करतो. याच्या अगदीं उलट, स्वीडनमधील एरिक्सन कंपनींत जन्मलेल्या ‘अर्लँग’ भाषेच्या मंडळींनीं दोष आल्यास काम करणाऱ्या घटकानें सरळ कोसळावें, व त्याच्यावर नेमलेल्या देखरेख्यानें नवा घटक उभा करावा, असा मार्ग स्वीकारला. जो आर्मस्ट्राँग यांनीं आपल्या २००३ सालच्या प्रबंधांत त्याचें समर्थन केलें आहे. दोन्ही पंथांचें एका गोष्टींत ऐकमत्य आहे: दोष लपूं नये.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. दोषाचा सगळा तपशील बाहेर सांगणें शहाणपणाचें आहे काय? वहीचें नांव, कपाटाची जागा, कुलपाची जात हें सर्व येणाऱ्याजाणाऱ्यास सांगणें म्हणजे चोरास घर दाखविणें. हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्यावरून ‘सर्वांत बाहेरच्या मध्यस्थानें सर्व दोष गिळून एक सौजन्यपूर्ण दिलगिरी दाखवावी’ हा निष्कर्ष निघत नाहीं. दोषवार्तेस दोन ऐकणारे असतात. ग्राहकास काम झालें कीं नाहीं, पुन्हां प्रयत्न करावा कीं नाहीं, व चूक त्याची कीं दुसऱ्याची, एवढें खरें कळलें पाहिजे. यंत्र राखणारास तपशील सबंध मिळाला पाहिजे. आणि दोघांच्या कागदांवर एकच क्रमांक असला पाहिजे, म्हणजे पुढें एकाची तक्रार दुसऱ्याच्या नोंदीशीं जुळेल. २०१६ सालीं दोष सांगण्याचा एक समान नमुना नियमपत्राच्या रूपानें प्रसिद्ध झाला आणि २०२३ सालीं सुधारला गेला. त्यांत दोषाची जाति, तिचें नांव, प्रस्तुत प्रसंगाचा खुलासा व त्या प्रसंगाची ओळख, यांस निरनिराळीं स्थानें आहेत. गुप्तता आणि सत्य यांचा मेळ घालतां येतो, एवढें त्यावरून दिसतें.

गिळण्याचा दुष्परिणाम किती दूर जातो याचें एक साधें उदाहरण घेऊं. समजा, एका खात्यांतून पैसे वजा करून दुसऱ्या खात्यांत जमा करावयाचे आहेत. वहीचा व्यवहार उघडणारा मध्यस्थ बाहेर बसला आहे. आंतून अपवाद आला तर सारा व्यवहार रद्द करावा, न आला तर कायम करावा, असा त्याचा नियम. वजाबाकी झाली, जमा करतांना अपवाद उठला. पण मध्येंच बसलेल्या एका सौजन्यशील मध्यस्थानें तो गिळला आणि ‘क्षमा करा’ असें गोड पान बाहेर पाठविलें. वहीच्या मध्यस्थास अपवाद दिसलाच नाहीं; त्यानें वजाबाकी कायम केली. पैसे एका खात्यांतून गेले, दुसऱ्यांत आले नाहींत, आणि वही शपथेवर सांगते कीं सर्व ठीक आहे. टेबलांचा क्रम कसा लावावा हा कारकुनी प्रश्न येथें न्यायाचा प्रश्न होतो.

आणि तो खरोखरच न्यायालयांत गेला. ब्रिटनमध्यें १९९९ पासून तेथील पोस्ट ऑफिसानें आपल्या हजारों शाखांत ‘होरायझन’ नांवाची संगणकव्यवस्था बसविली. शाखा चालविणाऱ्या उप-पोस्टमास्तरांच्या हिशेबांत तूट दिसूं लागली. ते सांगत कीं आम्ही पैसे घेतले नाहींत, यंत्र सांगे कीं तूट आहे. १९९९ ते २०१५ या काळांत नऊशेंहून अधिक जणांवर फौजदारी खटले झाले. कित्येक तुरुंगांत गेले, कित्येकांचें दिवाळें निघालें. संगणकाचा पुरावा द्यावयाचा तर तो नीट चालत होता हें दाखविलें पाहिजे, अशी इंग्लंडांतील १९८४ च्या कायद्यांत अट होती; १९९९ च्या कायद्यानें ती काढून टाकली, आणि त्यानंतर उलट दिसेपर्यंत यंत्र बरोबरच मानण्याची रीत न्यायालयांत राहिली. १६ डिसेंबर २०१९ रोजीं न्यायमूर्ति फ्रेझर यांनीं निकाल दिला कीं, या व्यवस्थेंत शाखांचे हिशेब चुकविणारे दोष होते. त्यांपैकीं एकाचें नांव फॉल्कर्क येथील कॅलेंडर स्क्वेअर शाखेवरून पडलें आहे. तेथें खिडक्यांच्या यंत्रांमध्यें निरोप पोंचविणाऱ्या आज्ञावलींतच दोष होता, आणि त्यामुळें एका खिडकीवर झालेलें काम दुसरीस कळेनासें होई. म्हणजे येथेंही दोष मध्यस्थाच्या पोटांत! २३ एप्रिल २०२१ रोजीं अपील न्यायालयानें एकाच वेळीं एकोणचाळीस जणांच्या शिक्षा रद्द केल्या, आणि २०२४ सालीं पार्लमेंटास त्यासाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला.

या सर्व अनर्थाचें कारण गिळलेला एखादा अपवाद होता, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. त्यांत यंत्राहून माणसांचा दोष अधिक होता. परंतु विनाशाचा आकार तोच आहे. दोष एके ठिकाणीं झाला. त्याची वार्ता वाटेंतील अनेक टेबलांवर अडली. आणि ज्याच्या हातीं ना दोष होता ना उपाय, त्या शेवटच्या माणसाच्या पदरीं तो घातला गेला. स्थितिक्रमांकांच्या भाषेंत बोलावयाचें तर, जो दोष पांचाचा होता तो चाराचा म्हणून सांगितला गेला, आणि माणसें तुरुंगांत गेलीं.

जिन्याच्या वळणावरील विल्क्स यांच्या उमजापासून येथवर आलों. एवढ्या काळांत भाषा बदलल्या, यंत्रें बदललीं, मध्यस्थांचीं नांवेंही बदललीं. प्रश्न मात्र जेथें होता तेथेंच आहे. चुका होणारच, त्या होऊं नयेत असें शास्त्र अद्याप निघालेलें नाहीं आणि निघेल असें आम्हांस वाटत नाहीं. मध्यस्थाकडून एवढीच अपेक्षा कीं, ज्या दोषाचा उपाय आपल्यापाशीं नाहीं तो त्यानें गिळूं नये, भाषांतर केलें तर अर्थ पालटूं नये, आणि ‘काम झालें’ हा शब्द काम झाल्याखेरीज उच्चारूं नये. वैयाकरणाचा अपवाद सूत्रांत आधींच लिहिलेला असतो, म्हणून तो ऐकलाच जातो. यंत्रांतील अपवादास असें संरक्षण नाहीं. त्याला बोलूं द्यावयाचें कीं नाहीं, हें मध्यें टेबल मांडून बसणाऱ्या कोणा एका माणसानें, बहुधा घाईंत, एका लहानशा ओळींत ठरविलेलें असतें. आणि त्या ओळीच्या पलीकडे कोण उभा आहे हें लिहितांना त्यास दिसत नाहीं.